घाई मिठाची आहे, ऑपरेशनची नाही

पत्र थोडक्यात असं : जळगाव जिल्ह्यातल्या एका गावातून एका वडिलांनी लिहिलं आहे. ते शाळेत शिक्षक, घरी थोडी केळीची शेती. लग्नानंतर सहा वर्षांनी बाळ झालं. दवाखान्यात 'मुलगा झाला' म्हणून सांगितलं, गावभर पेढे वाटले. सोळाव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं झालं, उलट्या सुरू झाल्या, वजन उतरलं. जळगावला दाखल केलं तेव्हा रक्तातलं सोडियम खूप खाली गेलेलं होतं. तपासण्यांत कळलं, की बाळाला ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार आहे. डॉक्टर त्याला 'सीएएच' म्हणतात. गुणसूत्रं एक्सएक्स, म्हणजे मुलींमध्ये असतात तशी. पोटात गर्भाशय आणि अंडाशय आहेत, पण बाहेरचे अवयव मुलासारखे दिसतात. बाळ आता चार महिन्यांचं आहे आणि औषधांवर तब्येत चांगली आहे. एका सर्जननी सांगितलं, की वर्षाच्या आत ऑपरेशन करून 'मुलीसारखं' करून घ्या, मोठेपणी काही आठवणार नाही. आजोबा म्हणतात, पेढे वाटून झालेत, मुलगाच करून घ्या. आजी म्हणते, सून ग्रहणात भाजी चिरत होती. गावात कुजबुज आहे, किन्नर येऊन बाळ मागतील अशी भीती आहे, आणि बारसं अजून झालेलं नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. ते विचारतात : करायचं का? आणि केलं तर कोणतं? (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या पानावर बाळासाठी तुम्ही 'तो' लिहिलंय. जळगावच्या दवाखान्यानंतर 'ती' येते, मग ती खोडून पुन्हा 'तो'. शेवटच्या पानावर, रात्री दोन वाजता औषधाची पुडी पाण्यात कालवून सिरिंजनं पाजता ते सांगताना, तुम्ही नुसतं 'लेकरू' लिहिलंय, आणि त्या पानावर एकही खाडाखोड नाही. आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे. बाळ, लेकरू, मूल, पोर : सगळ्यांना 'ते' म्हणता येतं. सध्या तेवढा शब्द पुरतो. मीही तोच वापरते.

सगळ्यात आधी एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण ती तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. सोळाव्या दिवशी तुम्ही 'दृष्ट लागली असेल' म्हणून थांबला नाहीत, गाडी करून जळगाव गाठलंत, म्हणून तुमचं लेकरू आज आहे. या आजारात जीव जातो तो याच दिवसांत. पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं, पोटॅशियम वाढतं, बाळ मलूल पडतं, आणि जुलाब-उलट्या समजून सलाईन लावेपर्यंत उशीर होतो. बाळाच्या बाबतीत खरी घाई होती ती एवढीच, आणि ती तुम्ही केलीत.

तुमच्यासारखे इतर वाचकही हे वाचतील, म्हणून इथे थोडं थांबते. नवजात बाळ 'मुलगा' दिसतंय, पण दोन्ही अंडकोष हाताला लागत नाहीत, असं असेल तर नुसतं 'नंतर उतरतील' म्हणून घरी जाऊ नका. सोडियम-पोटॅशियम आणि १७-ओएचपी नावाची रक्ततपासणी करता येते का, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. गुणसूत्रं एक्सवाय असलेल्या मुलांनाही हा आजार होतो. त्यांचे अवयव नेहमीसारखेच दिसतात, त्यामुळे तर कुणाला शंकाच येत नाही. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी घरी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीच्या सुमाराला बाळाचं वजन वाढण्याऐवजी उतरलेलं दिसलं, तर ती गोष्ट त्यांच्या वहीतच राहू देऊ नका.

आता आजार काय आहे ते एकदा साध्या शब्दांत, कारण घरातला निम्मा गोंधळ तिथून सुरू झालाय. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. आजारपणात शरीराला तोलून धरणारं कॉर्टिसोल आणि मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन तिथे तयार होतं. त्यासाठी लागणारं एक एन्झाइम कमी पडलं, की हे दोन्ही तयार होत नाहीत आणि सगळा कच्चा माल पुरुषी हार्मोनकडे वळतो. पाटाचं एक दार अडकलं की पाणी शेजारच्या वाफ्यात तुंबतं, तसंच. ते पाणी तुमच्या लेकराच्या अंगावर आईच्या पोटात असतानाच आलं, म्हणून बाहेरचे अवयव मुलासारखे वाढले. आतलं गर्भाशय, अंडाशय जसंच्या तसं राहिलं. एन्झाइमचा हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून येतो, दोघांकडून एकेक सदोष जनुक. दोघांनाही त्याचा पत्ता नसतो, कारण एकाच्याने काही होत नाही. तेव्हा ग्रहण, विळी आणि भाजी यांचा याच्याशी काही संबंध नाही. आजींना हे तुम्ही सांगा, वहिनींना सांगायला लावू नका. 'निम्मं माझ्याकडून आलंय' हे वाक्य मुलाच्या तोंडून ऐकलं, की आई सुनेला बोलायची थांबते, असं मी पाहिलंय. पुढच्या प्रत्येक बाळंतपणात हा आजार येण्याची शक्यता चारात एक असते, हेही दोघांनी लक्षात ठेवा आणि पुढचा विचार करण्याआधी जनुकीय समुपदेशन घ्या.

वहिनींचा विषय निघालाय तर बोलूनच टाकते. सहा पानांत त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे : 'ती काही बोलत नाही, बाळाला दुपट्यात गुंडाळून ठेवते, कोणासमोर उघडत नाही.' मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा जातो, आणि चार महिन्यांचं बाळ दुपट्यात. भाऊ, हे फक्त लाजेचं नाही. या लेकराच्या अंगातलं मीठ घामावाटेही जातं, म्हणून उन्हाळ्यात मिठाचं माप बदलायचं का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारायला हवं आणि बाळाला मोकळं ठेवायला हवं. वहिनी गप्प आहेत म्हणजे त्यांना मत नाही असं नाही. सर्जनशी बोलणं झालं तेव्हा त्या आत होत्या की बाहेर बाकावर? पत्रातून मला वाटलं, बाहेर. पुढच्या वेळी दोघं आत बसा. त्यांना झोप लागते का, रडू येतं का, हेही तुम्ही विचारा. बाळंतपणानंतरची उदासी औषधानं आणि बोलण्यानं बरी होते, पण आधी कुणीतरी विचारावं लागतं.

आता ऑपरेशन.

तुमच्या पत्रात दोन ऑपरेशनं आहेत आणि दोन्ही एका समजुतीवर उभी आहेत : की बाळाला 'काहीतरी एक' करून टाकल्याशिवाय वाढवता येणार नाही. आजोबांना आंडोर हवाय, सर्जन आंडेर म्हणतात. आपल्या अहिराणीत या दोन शब्दांत एका मात्रेचा फरक, पण शरीरात तो फरक सुरीनं घडवता येत नाही. आजोबांचं म्हणणं मनापासूनचं आहे हे मला कळतं. सहा वर्षं त्यांनी वाट पाहिली आणि पहिला पेढा त्यांनी स्वतः दिला. पण 'मुलगा करणं' म्हणजे काय, ते त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगा. त्यासाठी या लेकराचं चांगलं गर्भाशय, चांगलं अंडाशय काढून टाकावं लागेल. सीएएच असलेल्या अनेक मुली औषधं नीट घेतली की पुढे आई होतात. ती वाट चार महिन्यांच्या वयात कायमची बंद होईल, गोळ्या जन्मभर चालूच राहतील, आणि मुलगा म्हणून वंशाचं जे काही त्यांच्या मनात असेल तेही होणार नाही. पेढ्यांच्या पोटी एवढं कुणी करू नये, आणि एकदा नीट समजलं तर आजोबाही करणार नाहीत.

मग सर्जन म्हणतात ते? इथे थोडं जपून बोलते, कारण ते तुमचे वैरी नाहीत. एक्सएक्स गुणसूत्रं असलेल्या सीएएचच्या बाळांना बहुतेक डॉक्टर मुलगी म्हणूनच वाढवायला सांगतात, आणि यातल्या बहुतेकींना मोठेपणी आपण बाईच वाटतो. काहींना तसं वाटत नाही, हेही खरं. लहान वयात ऑपरेशन करावं म्हणणाऱ्यांची कारणंही आहेत : ऊती मऊ असतात, जखम लवकर भरते, आईवडिलांच्या जिवाला घोर राहत नाही, शाळेत कुणी चिडवत नाही. आपल्याकडे आणि बाहेरही कितीतरी वर्षं हेच चालत आलं. पण ज्यांच्यावर ती ऑपरेशनं झाली ती मुलं मोठी झाली, बोलू लागली, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी जे सांगितलं ते ऐकल्यावर तुमच्या पत्राला 'करून घ्या' असं उत्तर माझ्याच्यानं देववत नाही.

त्यातली एक बाई मला भेटलेली आहे. मी समुपदेशनाचं काम करत होते तेव्हाची गोष्ट, धुळ्याकडची, तिशीतली. ती आली तेव्हा तिच्या हातात चार घड्या घातलेला एक डिस्चार्ज कार्डाचा कागद होता. आईच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी तो तिला सापडला होता, आई वारल्यावर. घडी नेमकी एका शब्दावरून गेली होती आणि शाई उडाली होती. तो शब्द काय आहे हे विचारायला ती आली होती. दुसऱ्या वर्षी एकदा, सातव्या वर्षी एकदा, चौदाव्या वर्षी परत : तीन ऑपरेशनं, आणि प्रत्येक वेळी 'पोटात गाठ होती' एवढंच तिला सांगितलेलं. लग्नानंतर नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की तिला प्रचंड दुखायचं. जखमेचा वण आकसला होता, आणि शिस्निका (क्लिटोरिस) छोटी करताना तिथली संवेदना बरीचशी गेली होती. ती चिडून बोलत नव्हती. कागदाच्या घडीवर अंगठा फिरवत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, 'माले कोनी सांगंच नही, ताई.' तिच्या आईनं हे वाईट हेतूनं केलं नव्हतं. तिलाही तेव्हा कुणीतरी 'आठवणार नाही' म्हणूनच सांगितलं असेल.

ऑपरेशनचा दिवस आठवणार नाही, हे खरं. पण वण राहतो, गेलेली संवेदना परत येत नाही, आणि लहानपणी तयार केलेला योनीमार्ग वयात येताना अनेकींच्या बाबतीत आकसतो. मग तो रुंद करायला पुन्हा उपचार किंवा पुन्हा ऑपरेशन. सगळ्यांचं असं होत नाही. लहानपणी ऑपरेशन झालं ते बरं झालं, असं म्हणणाऱ्या बायकाही आहेत, आणि ते त्यांच्यासाठी खरंच आहे. पण तुमचं लेकरू पुढे यांतल्या कुणासारखं म्हणेल हे आज तुम्हाला, मला, सर्जनना, कुणालाच सांगता येत नाही. ते फक्त त्यालाच सांगता येईल, आणि त्यासाठी त्याला बोलता यायला हवं. थांबलात तर ऑपरेशनचा रस्ता उद्याही उघडा असतो. केलंत तर न केलेल्याकडे परत येता येत नाही. माझं मत या एका गोष्टीवर ठरतं.

'पण मग मुलगी म्हणून वाढवायचं कसं?' असं तुम्ही विचाराल. भाऊ, मुलगी म्हणून वाढवायला ऑपरेशन लागत नाही. नाव लागतं, झबलं लागतं, शाळेचा दाखला लागतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मुलगी म्हणून वाढवा. उद्या बारा-पंधरा वर्षांचं झाल्यावर लेकरानं काही वेगळं सांगितलं, तर ऐकायला तुम्ही असालच. आणखी एक गोष्ट : औषध नीट बसलं की पुरुषी हार्मोन आटोक्यात येतं, आणि काही बाळांत पहिल्या वर्षात शिस्निका आधीपेक्षा कमी उठून दिसते. आज तुम्हाला जे दिसतंय ते वर्षानं तसंच दिसेल असं धरून चालू नका.

थांबणं म्हणजे काहीच न करणं नव्हे, हे मात्र नीट समजून घ्या. काही कारणांसाठी ऑपरेशन खरंच लागतं. लघवीला अडथळा असेल, लघवीचा संसर्ग पुन्हापुन्हा होत असेल, तर तेवढ्यापुरतं ऑपरेशन करावं लागू शकतं. वयात येताना पाळीचं रक्त बाहेर यायला मार्ग नसेल, तर तो करावा लागेल, पण तेव्हा तुमचं लेकरू दहा-बारा वर्षांचं असेल, समोर बसून प्रश्न विचारेल. इतर काही प्रकारच्या इंटरसेक्स बाळांमध्ये, म्हणजे ज्यांचं शरीर जन्मतः मुलगा किंवा मुलगी अशा ठरलेल्या साच्यात बसत नाही त्यांच्यात, वाय गुणसूत्र असून ग्रंथी नीट वाढलेल्या नसतील तर, त्या ग्रंथीत कॅन्सरचा धोका असतो आणि काढण्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. तुमच्या बाळाचं तसं नाही. हे इतरांसाठी लिहिलं, कारण 'इंटरसेक्स' हा एक आजार नाही. त्यात बऱ्याच वेगवेगळ्या अवस्था येतात, आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला तर नुकसान होतं. शेजारच्या तालुक्यातल्या कुणाच्या मुलाचं लघवीचं छिद्र खाली होतं आणि ऑपरेशननं बरं झालं, हे तुम्हाला कुणी सांगेल. तो प्रकार वेगळा.

म्हणून पुढच्या महिन्याची तारीख सध्या पुढे ढकला. रद्द केली असं सांगून भांडण करायची गरज नाही. 'दुसरं मत घेतोय' एवढं पुरे, चांगले सर्जन त्याचा राग धरत नाहीत. त्यांच्याकडे जाल तेव्हा कागदावर लिहून न्या : या ऑपरेशनने बाळाच्या तब्येतीचा नेमका कोणता त्रास कमी होणार आहे? आज केलं नाही तर वर्षभरात शरीराला काय इजा होईल? अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत, आणि ती मुलं पंधरा-वीस वर्षांची झाल्यावर तुम्हाला भेटली आहेत का? पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता किती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'दिसायला बरं', 'लोकांना कळणार नाही' एवढंच आलं, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. आणि 'योजनेत फुकट बसतंय' हे कारण तर मोजूच नका. फुकट आहे म्हणून कुणी लेकराचं शरीर कापत नाही.

दुसऱ्या मतासाठी बालहार्मोन तज्ज्ञ, म्हणजे पेडियाट्रिक एंडोक्रायनॉलॉजिस्ट, गाठा. खान्देशात असे तज्ज्ञ सहज मिळत नाहीत. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोग विभागाकडून चिठ्ठी घ्या आणि मुंबईला जा. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात लहान मुलांच्या हार्मोनचा विभाग आहे. भुसावळहून रात्री गाडीत बसलात तर सकाळी मुंबईत. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावून न्या. तपासताना बाळाभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका जमला, कुणी मोबाइलवर फोटो काढू लागलं, तर 'नको' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आज तुम्ही हे बोललात तर पुढे लेकरूही बोलायला शिकेल.

कायद्याचं विचारलंत. महाराष्ट्रात अशा ऑपरेशनवर थेट बंदी नाही, त्यामुळे तुमची सही झाली की ऑपरेशन होऊ शकतं, आणि म्हणूनच तुमच्या सहीचं वजन जास्त आहे. पण देशात हवा कुठल्या दिशेनं आहे ते पाहा. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २२ एप्रिल २०१९ रोजी सांगितलं, की आईवडिलांची संमती म्हणजे बाळाची संमती नव्हे. त्यानंतर तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी, जिवाला धोका असल्याशिवाय इंटरसेक्स बाळांवर अशी ऑपरेशनं करू नयेत, असा आदेश काढला. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर जवळजवळ तुमचंच प्रकरण आलं होतं : सात वर्षांचं मूल, हाच सीएएच, गुणसूत्रं एक्सएक्स, आईवडिलांना ऑपरेशनची परवानगी हवी होती. न्यायालयाने ती सरळ दिली नाही. जिवाला धोका आहे का हे तज्ज्ञांच्या समितीने आधी तपासावं, असं सांगितलं. असा नियम देशभर हवा, या मागणीवर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला नोटीस काढली. माल्टासारख्या छोट्या देशानं तर २०१५ मध्येच कायदा करून हे थांबवलं. थांबायचं ठरवलंत तर तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

जन्मनोंदीत 'मुलगा' लागलंय त्याची काळजी तुम्ही दोन वेळा लिहिलीय. ती नोंद दुरुस्त होते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात चुकीची नोंद सुधारायची तरतूद आहे. दवाखान्याचं पत्र आणि तपासणीचे कागद घेऊन, जिथे नोंद झाली तिथल्या निबंधकाकडे अर्ज करायचा. ऑपरेशनचा कागद त्यासाठी लागत नाही. नावाची नोंद एक वर्षाच्या आत केली तर त्याला शुल्कही नाही.

आता लोक. खरं तर पत्राची अर्धी पानं लोकांवरच आहेत. पण मला सांगा, बाळाला उघडं कोण पाहतं? आई, तुम्ही, आजी, तेल लावून न्हाऊ घालणारी बाई, फार तर एखादी आत्या. गावाशी लढायची गरजच नाही, या चार-पाच माणसांशी नीट बोललात की झालं. त्यांना खरं सांगा, आणि बाकीच्यांना सांगायचं एक वाक्य दोघांनी मिळून ठरवा : 'बाळाची एक ग्रंथी कमी काम करते, जन्मताच अंदाज चुकला होता, मुलगी आहे, औषध चालू आहे.' यात खोटं काही नाही, आणि यापलीकडे कुणाला सांगायला तुम्ही बांधील नाही. गाव आठ दिवस बोलेल, पंधरा दिवस बोलेल. मग कापसाचा भाव निघेल, केळीवर करपा येईल, आणि विषय बदलेल. तुम्ही दोघं चाचरत बोललात तर मात्र तो वर्षभर चालेल. न्हाऊ घालणारी बाई बाहेर बोलेल अशी धास्ती असेल, तर अंघोळ तुम्ही घाला. शिक्षकानं स्वतःच्या लेकराला न्हाऊ घातलं म्हणून शाळा बुडत नाही.

किन्नरांबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून मला वाईट वाटलं, तुमच्यासाठीही आणि त्यांच्यासाठीही. बाळ उचलून नेण्याचा अधिकार कुणालाच नाही. तो गुन्हा आहे, आणि तसं घडण्याची भीती धरून तुम्ही दाराला कडी लावून बसू नका. बाळ झाल्यावर किन्नर बधाईला येतात, आशीर्वाद देतात, घरोघर येतात तसे तुमच्याकडेही येतील. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना घरच्यांनीच लहानपणी नकोसं केलेलं असतं. इंटरसेक्स असणं आणि किन्नर समाजात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण समजा कुणी विचारलंच, तर 'लेकरू आमचं आहे, आमच्याकडेच वाढणार' एवढं मोठ्यानं म्हणा. ते ऐकून समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

औषधांचं एक सांगायचं राहिलं, आणि माझ्या दृष्टीनं या पत्रातलं ते सगळ्यात महत्त्वाचं. हायड्रोकॉर्टिसोनची पुडी एकही वेळ चुकता कामा नये, आणि 'आता बरं आहे' म्हणून ती कुणी बंद करू नये. स्टेरॉइड म्हणून शेजारी घाबरवतील, त्यांचं ऐकू नका. बाळाच्या शरीरात जे तयार व्हायला हवं होतं तेच तुम्ही बाहेरून देताय. ताप आला, मोठं दुखणं आलं, की मात्रा वाढवावी लागते. किती, ते डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. उलटी होऊन औषध बाहेर पडत असेल, तर घरी वाट पाहायची नाही; इंजेक्शन लागतं, १०८ ला फोन करा, आणि गाडीत बसल्याबसल्या 'सीएएच आहे, हायड्रोकॉर्टिसोन द्या' हे सांगा. गावातल्या डॉक्टरला एकदा निवांत भेटून हे दाखवून ठेवा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये फ्लुड्रोकॉर्टिसोन, म्हणजे मीठ धरून ठेवणारं औषध, नेहमी मिळतंच असं नाही, म्हणून महिनाभराचं जास्तीचं घरात असू द्या. पुढे शाळेत घालाल तेव्हा बाईंनाही एक चिठ्ठी.

लेकराला केव्हा सांगायचं, असंही विचारलंत. एका दिवशी समोर बसवून सगळं सांगायचं, असं ते नसतं. तीन-चार वर्षांचं झालं की 'तुला रोज गोळी लागते, तुझी ती टोपीची ग्रंथी थोडी झोपाळू आहे' इथून सुरुवात करा. अंघोळ घालताना 'प्रत्येकाचं शरीर थोडं थोडं वेगळं असतं, तुझं असं आहे' म्हणा. ते विचारेल तेवढंच, पण खरं. आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत त्याला आजाराचं नाव माहीत असू दे आणि फाइल कुठल्या कपाटात आहे तेही. पेटीच्या तळाशी नको.

आणि बारसं. ते अडकवून ठेवू नका; चार महिने झाले, लेकराला हाक मारायला नाव हवं. मुलीचं नाव ठेवा, किंवा दोन्हीकडे चालणारं हवं असेल तर किरण आहे, शीतल आहे. आपल्याकडे अशा नावाच्या बायाही आहेत आणि बापेही. आजोबांनाच दोन-तीन नावं सुचवायला सांगा. पेढ्यांच्या वेळी त्यांचा पुढाकार होता तसा याही वेळी असू द्या. आत्याला बोलवा, पाळणा म्हणू द्या, बाळाला पातळ सुती झबलं घाला. कोणतं नाव ठेवलंत ते कळवा. आणि जमलं तर पुढचं पत्र वहिनींना लिहायला सांगा.